एका स्वरापुरता कर्णा

कर्णा हरवलाय हे कळलं ते एप्रिलमधल्या एका गुरुवारी, अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये, सगळ्या गावबँडच्या देखत. हार्लन ब्रेकीने बायकोच्या क्लॅरिनेटची पेटी मांडीवर घेतली, खटके उघडले आणि झाकण वर केलं. आतल्या निळ्या मखमलीतला एक खळगा रिकामा होता. हार्लनला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याची समजूत झाली की तो खळगा रुमाल ठेवायला असेल.

शेजारच्या खुर्चीवर व्हर्नाडीन कोप बसली होती. ट्राउट कुली गावात ज्या ज्या मंडळाला चिटणीस लागतो त्या सगळ्यांची चिटणीस व्हर्नाडीन. बँडची तीच, चर्चच्या स्वयंपाकघराची तीच, दफनभूमी समितीची पण तीच. शिवाय पहिली क्लॅरिनेट तिची. तिने पेटीत पाहिलं आणि चष्मा काढून पुन्हा पाहिलं.

“कर्णा कुठाय?”

“कसला कर्णा?”

“अरे देवा! खालचा, हार्लन. फुलासारखा उघडतो तो. लव्होन असती तर...”

इथे ती थांबली, कारण लव्होन असती तर हा प्रश्नच उभा राहिला नसता. लव्होन फेब्रुवारीत गेली.

या बँडची एक जुनी रीत आहे. वादक गेला की मे महिन्यातल्या, सैनिकांच्या स्मरणदिनाला, दफनभूमीतल्या कार्यक्रमात, त्याच्या खुर्चीवर घरातलं माणूस बसतं. वाद्य मांडीवर घ्यायचं, स्वस्थ बसायचं, संपल्यावर सगळ्यांशी हात मिळवायचे. वाजवायची अपेक्षा नसते. मागे एका ढोलवाल्याच्या विधवेने ढोलावर डोकं ठेवून छान झोप काढली होती आणि कुणी एक शब्द बोललं नव्हतं.

पण हार्लन म्हणाला, मी वाजवणार. एकच स्वर का असेना, लव्होनची क्लॅरिनेट लव्होनच्या शेजारी वाजली पाहिजे. त्यापुढे त्याला काही सांगायचं नव्हतं. तो तेवढंच सगळ्यांना सांगत राहिला.

बँड चालवणारा कर्ट झास्ट्रो हा शाळेतला संगीतशिक्षक, वयाने हार्लनच्या निम्मा. त्याने हार्लनची परीक्षा घेतली. हार्लनचा जन्म विजेच्या खांबांवर गेला होता. त्याची बोटं घराच्या दाराच्या कड्यांसारखी जाड होती. एक बोट उचलायला सांगितलं की तिन्ही उठायची. सगळी बोटं एकदम ठेवली मात्र, की क्लॅरिनेटची सगळी भोकं अशी गच्च बुजायची की त्यातून वाफ सुद्धा निघू नये.

“हार्लन, तुम्हाला सगळ्यात खालचा स्वर येतोय,” कर्ट म्हणाला. “आणि शेवटच्या स्तोत्रात दुसऱ्या क्लॅरिनेटचा शेवटचा स्वर नेमका तोच आहे. तेवढा वाजवा. बाकी वेळ नुसतं वाजवल्यासारखं करा.”

“लव्होनपण असंच करायची का?”

“अवघड जागी सगळेच करतात,” कर्ट हळूच म्हणाला. व्हर्नाडीनने ते ऐकलं.

आता इथे शास्त्राचा एक मुद्दा आहे आणि तो सांगितल्याशिवाय पुढचा घोटाळा कळायचा नाही. क्लॅरिनेटचे जवळजवळ सगळे स्वर मधल्या भोकांतून बाहेर पडतात. त्यांना कर्णा असला काय आणि नसला काय, विशेष फरक पडत नाही. सगळी भोकं बंद केली तरच वारा पार खालपर्यंत जातो आणि कर्ण्यातून निघतो. म्हणजे कर्ण्यावर खरोखर अवलंबून असलेला जो स्वर, तेवढाच एक हार्लनला येत होता. कर्ण्याशिवाय त्याने तो वाजवून पाहिला. दाराच्या फटीतून वारा यावा तसा आवाज आला आणि ट्युबावाला उठून खिडकी लावून आला.

कर्णा कुठे गेला ते हार्लनला त्या रात्री घरी गाडी चालवताना आठवलं, आणि त्याने गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली.

लव्होन गेली तेव्हा गावाने जेवण पोहोचवलं. काचेची लांबट भांडी, त्यात भट्टीत भाजलेलं बटाट्याचं कॅसरोल, वर चीज, बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. स्वयंपाकघरात ठेवायला जागा उरली नव्हती. हार्लनने ते सगळं खाल्लं, भांडी घासली, आणि परत द्यायची वेळ आली. ट्राउट कुलीत भांडं रिकामं परत जात नाही. त्यात काहीतरी घालावंच लागतं. लव्होन लिंबाच्या वड्या घालायची. हार्लनला अंडं उकडता यायचं, आणि उकडलेलं अंडं कॅसरोलच्या भांड्यात बरं दिसत नाही. म्हणून त्याने घरातल्या वस्तू घातल्या. एकीला बॅटरी. एकीला न उघडलेला चहाचा डबा. एकीला चांगली मोजपट्टी. स्वयंपाकघराच्या खिडकीत एक काळी, गुळगुळीत, चांदीची कडी असलेली लाकडी वस्तू पालथी उभी होती. लव्होनने तेल लावून ती सुकत ठेवली होती. हार्लनला वाटलं मेणबत्तीचं घर. वस्तू देखणी होती, म्हणून ती त्याने स्वच्छ फडक्यात गुंडाळून एका भांड्यात ठेवली.

कुणाच्या, ते आठवेना.

विचारायची सोय नव्हती. भांड्यातून दिलेली वस्तू परत मागायची म्हणजे गाव सोडून जायची तयारी ठेवायची. आणि जिला ती मिळाली तीही काही बोलणार नव्हती. दुखवट्यातल्या माणसाने दिलेल्या वस्तूबद्दल ‘हे काय आहे?’ असं कुणी विचारत नाही. ती दिवाणखान्यात ठेवतात आणि पाहुण्यांपुढे तिची तारीफ करतात.

तेव्हा हार्लनने ठरवलं, सहज म्हणून घरोघर जायचं, कॉफी प्यायची आणि इकडेतिकडे नजर टाकायची. त्याने तसं केलं. तो फडताळांकडे बघायचा, खिडक्यांकडे बघायचा, हात धुवायच्या निमित्ताने न्हाणीघरात डोकावायचा. बायका नवऱ्यांना म्हणाल्या, बिचारा किती एकटा पडलाय, भिंतींकडे बघत बसतो. आणि प्रत्येकीने निघताना त्याच्या हातात भरलेलं भांडं दिलं.

आठवड्याभरात कर्णा सापडला नाही, आणि स्वयंपाकघर पुन्हा काचेच्या भांड्यांनी भरलं. तीसुद्धा रिकामी परत करता येणार नव्हती. हार्लनने घराभोवती नजर फिरवली. देण्यासारखं आता फारसं उरलं नव्हतं.

“आता ही शोधाशोध पुरे,” व्हर्नाडीनने सांगितलं. “नवा कर्णा घ्यायचा. आणि तो तू निवडायचा नाहीस. तू मेणबत्तीचं घर आणशील.”

“तुला कुणी सांगितलं?”

“चर्चच्या स्वयंपाकघरात सगळं कळतं, हार्लन. फक्त कुणाकडे आहे तेवढं कळत नाही.”

व्हर्नाडीनने ला क्रॉसच्या वाद्यांच्या दुकानातून पसंतीसाठी खोकंभर कर्णे मागवले. हार्लनची समजूत होती की कर्णा म्हणजे कर्णा, जसं बोल्टवरचं नट. खोकं उघडल्यावर त्याला कळलं की या जगात त्याच्यासारखा अडाणी माणूस दुसरा नाही. एक कर्णा काळ्या लाकडाचा, कडीचा. एक तसाच, बिनकडीचा. एक कडक रबराचा. एक आतून जास्त निमुळता. प्रत्येकाबरोबर चिठ्ठी होती. एकाचा आवाज म्हणे ‘गडद पण मोकळा’, दुसऱ्याचा ‘मोकळा पण गोल’. हार्लनने ते दोन्ही फुंकून पाहिले. त्याला दोन्ही म्हशीच्या रेकण्यासारखे वाटले, आणि दोन्ही वेळा ती म्हैस एकच होती.

बँडमध्ये मात्र तट पडले. क्लॅरिनेटवाले कडीच्या बाजूचे, सॅक्सोफोनवाले बिनकडीचे. ट्रॉम्बोनवाल्यांचं म्हणणं, तेलाचं नरसाळं लावा आणि कामाला लागू. बासरीवाल्या दोघी बहिणी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. त्यांच्यातल्या थोरलीने कॅनडात कुणीतरी गुलाबी लाकडाचे कर्णे करतो असं वाचलं होतं, आणि हार्लनला न विचारता तिने एक मागवला. तो सरहद्दीवर अडकला. तिथल्या एका साहेबांचा हार्लनला फोन आला. हे लाकूड कुठल्या झाडाचं? झाड कुठल्या देशात होतं? कोणत्या साली तोडलं? तोडताना परवानगी होती का?

“साहेब, मी ते झाड कधी पाहिलं नाही,” हार्लन म्हणाला.

“मग तुम्ही त्याचा मालक आहात असं का लिहिलंय?”

“मी काहीच लिहिलेलं नाही. माझी बायको क्लॅरिनेट वाजवायची.”

“बायकोला फोन द्या.”

हार्लनने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, “तो कर्णा तुम्हीच ठेवा. भांड्यात घालून कुणाला द्यायला उपयोगी पडेल.”

याच सुमारास शेजारचा डुएन श्लिम्गेन कुंपणापाशी आला. डुएनने गाई विकून लाकूड कातायचं लेथ घेतलं होतं, आणि तेव्हापासून गावातल्या कुठल्याही लाकडाला झोप लागत नव्हती. त्याने टेबलांचे पाय केले, दिव्यांचे खांब केले, ज्यांना नको होत्या त्यांना मिरपुडीच्या चक्क्या केल्या.

“ऐकलंय तुला कर्णा हवाय,” तो म्हणाला.

“आहेत माझ्याकडे. खोकंभर आहेत.”

“ते दुकानातले. मी तुला माणसाच्या हातचा करून देतो. त्या खोक्यातला एक माप घ्यायला दे.”

“लाकूड कुठलं वापरणार?”

“ते तू माझ्यावर सोड.”

हार्लनने ते डुएनवर सोडलं, आणि या सगळ्या प्रकरणात पश्चात्ताप करण्यासारखी एवढी एकच गोष्ट त्याने स्वतः ठरवून केली. चार दिवसांनी डुएन आला तो वर्तमानपत्रात काहीतरी गुंडाळून घेऊन. आत एक पांढराशुभ्र, वजनदार कर्णा होता, आणि त्याच्या गळ्याभोवती दोन लाल पट्टे होते.

“डुएन, ही बोलिंगची पिन आहे.”

“होती. उत्तम मेपल असतं. वर्षानुवर्षं चेंडू खाऊन फुटलं नाही, तुझ्या फुंकरीने काय फुटणार? पट्टे मुद्दाम ठेवलेत. शोभा आहे ती.”

इथे सांगायला हवं की ब्रेकी दांपत्याच्या सगळ्या संसारात एकच भांडण होतं, पण ते दर आठवड्याला होत असे. गुरुवारी बँडची तालीम, आणि गुरुवारीच डुएनच्या संघाचं बोलिंग, म्हणजे जड चेंडू घरंगळवून लाकडी पिना पाडायचा खेळ. लव्होन एका गाडीने एकीकडे जायची, हार्लन डुएनच्या गाडीने दुसरीकडे. एकदा संघाने बक्षीस म्हणून दिलेली पिन हार्लनने दिवाणखान्यात ठेवली होती. लव्होनने ती कोंबड्यांच्या खुराड्याचं दार अडकवायला नेली. आणि आता डुएन म्हणत होता, हिला तिच्या क्लॅरिनेटला लाव.

हार्लनने लावली. सांधा जरा ढिला होता, म्हणून डुएनने त्यावर नळाला गुंडाळायची पांढरी पट्टी गुंडाळली. हार्लनने सगळी बोटं ठेवली आणि फुंकलं. कोठारातली मांजर उठून बाहेर गेली.

“आला ना?” डुएन म्हणाला.

“काहीतरी आला,” हार्लन म्हणाला. त्याने पुन्हा एकदा फुंकलं, आणि मग आणखी एकदा.

बँडमधलं भांडण मिटवायला व्हर्नाडीनने परीक्षा ठेवली. शुक्रवारी अग्निशमन केंद्रात मासळीची पंगत असते, गाव जमतंच. स्वयंपाकघराच्या खिडकीला पडदा लावला, आत हार्लन आणि कर्ट, बाहेर तळलेले मासे खाणारं मंडळ. कर्टने एकेक कर्णा लावायचा, हार्लनने तोच एक स्वर वाजवायचा, आणि लोकांनी डोळे मिटून पसंतीचा हात वर करायचा. व्हर्नाडीनने नियम वाचून दाखवले. डुएनची पिन गुपचूप खोक्यात जाऊन बसली आहे हे कर्ट, हार्लन आणि डुएन सोडून कुणाला ठाऊक नव्हतं.

पहिल्या स्वराला एका म्हाताऱ्याने विचारलं, आग लागली का? दुसऱ्याला बाहेर बांधलेली दोन कुत्री मिळून गायला लागली. तिसऱ्याला काही लोकांनी हात वर केले, पण ते लिंबू मागत होते. मग चौथा आला. जाड, गरम, जरासा घोगरा. कुणीतरी काटा खाली ठेवला. हात वर जायला लागले. सगळ्यांत आधी, कोपर ताठ ठेवून, डोळे घट्ट मिटून वर गेला तो व्हर्नाडीनचा.

“हाच,” ती म्हणाली. “गाभा आहे याला. असं लाकूड आता मिळत नाही.”

कर्टने पडदा सरकवला. क्लॅरिनेटच्या टोकाला दोन लाल पट्टे.

हॉलमध्ये इतका हशा पिकला की तळणाऱ्याने चूल बंद केली. डुएन खुर्चीवर उभा राहिला. व्हर्नाडीनने पर्स उचलली, कोट घातला, दारापर्यंत गेली, आणि तिथून वळून म्हणाली, “दफनभूमी समितीचा नियम अकरा. खेळाचं साहित्य आत आणायला मनाई आहे.”

नियम खरा होता. कुणीतरी एका कबरीवर मासेमारीचा गळ ठेवला होता आणि गवत कापणाऱ्याला तो लागला होता, त्यावरून केलेला. समितीची खास बैठक बसली.

“ती पिन नाही आता,” डुएनने बाजू मांडली. “खुर्चीला आपण झाड म्हणतो का?”

“झाडावर लाल पट्टे नसतात,” व्हर्नाडीन म्हणाली.

“तू हात वर केलास ना?”

“डोळे मिटून केला. इथे डोळे उघडे आहेत.”

हार्लनला बोलायला सांगितलं. तो टोपी हातात फिरवत उभा राहिला. म्हणाला, “मला पट्ट्यांचं काही नाही. लव्होनची क्लॅरिनेट तिच्या शेजारी एकदा वाजावी एवढंच. दुकानातले पण चालतील. पण यातून जो येतो तो... मला वाटतं तो ऐकू जाईल.”

 मग ठराव झाला की पट्टे काळ्या चिकटपट्टीने झाकल्यास सदर वस्तू वाद्य समजावी. डुएन रागावून दोन दिवस बोलला नाही, आणि त्या दोन दिवसांत त्याने मिरपुडीच्या चार चक्क्या केल्या.

स्मरणदिनाला ऊन होतं आणि वारा होता. दफनभूमी टेकडीच्या उतारावर. बँडच्या घडीच्या खुर्च्या वरच्या अंगाला, जुन्या सैनिकांची मानवंदनेची तुकडी बंदुका घेऊन खालच्या अंगाला. हार्लन लव्होनच्या खुर्चीवर बसला. कर्णा जड असल्यामुळे क्लॅरिनेट सारखी खाली ओढली जात होती. तो वाजवल्यासारखं करत होता आणि ते त्याला चांगलं जमत होतं.

भाषण चालू असताना सांधा सुटला. कर्णा गवतावर पडला, जरा थांबला, आणि उताराला लागला.

सगळ्या बँडने तो जाताना पाहिला. कुणी उठलं नाही, कारण भाषण चालू होतं. डुएन मागच्या रांगेत उभा होता. तो मात्र धावला. साठी उलटलेला, गुडघे बदललेला माणूस, सुटाबुटात, दगडांच्या मधून, पिनच्या मागे. आयुष्यभर तो पिना पाडत आला होता. पळणारी त्याला पहिल्यांदाच भेटली. कर्णा उसळत, वळत, थेट मानवंदनेच्या तुकडीकडे गेला. तिथे सगळे ताठ उभे, नजर समोर. कर्णा जवळ आला तसा टोकाच्या म्हाताऱ्या सैनिकाने नजर न हलवता बूट थोडासा पुढे केला. कर्णा थांबला.

“आभारी आहे,” डुएन धापा टाकत म्हणाला.

“मी काही पाहिलं नाही,” सैनिक ओठ न हलवता म्हणाला.

डुएन वर येईपर्यंत शेवटचं स्तोत्र सुरू झालं होतं. काळी चिकटपट्टी वाटेत कुठेतरी राहिली होती. लाल पट्टे उन्हात चमकत होते. त्याने ओणव्यानेच खुर्च्यांमधून शिरून कर्णा हार्लनच्या हातात दिला. व्हर्नाडीनने तो पाहिला. नियम अकरा तिच्या ओठांवर आला असावा, पण तोंडात क्लॅरिनेट होती. तिने डावा हात सोडला, खिशातला रुमाल काढून हार्लनकडे टाकला आणि पुन्हा वाजवायला लागली. हार्लनने रुमाल सांध्यावर गुंडाळला, कर्णा दाबून बसवला, सगळी बोटं ठेवली, डोळे मिटले, आणि कर्टचा हात त्याच्याकडे आला असेल अशा अंदाजाने फुंकलं.

स्वर आला. जाड, गरम, जरासा घोगरा. बँडच्या खालून तो गेला आणि उतारावरून खाली पसरला.

मग कर्टने मूठ मिटली. बँड थांबला. हार्लनचे डोळे मिटलेले होते, त्यामुळे तो थांबला नाही. मानवंदनेची तुकडी बंदुका उचलून खोळंबली. पाद्रीसाहेबांनी पुस्तक उघडलं आणि मिटलं. कर्टने पुन्हा हात वर केला, मग त्याचं काय करायचं ते न सुचून तो तसाच वर ठेवला. कुणी हार्लनला हात लावला नाही. श्वास संपला तेव्हा तो स्वर थोडा डुगडुगला आणि थांबला, आणि हार्लनने डोळे उघडले.

“शेवटचा स्वर चार मात्रांचा होता,” व्हर्नाडीन समोर बघत म्हणाली.

“किती झाल्या?”

“मी मोजायचं सोडून दिलं.”

बंदुका वाजल्या. लोकांनी हात मिळवले आणि कॉफीसाठी चर्चकडे गेले. हार्लन क्लॅरिनेट हातात घेऊन लव्होनच्या दगडापाशी गेला. दगड दोघांनी मिळून कधीच घेऊन ठेवलेला होता. दोघांची नावं, दोघांची जन्मसालं, पुढे दोन रिकाम्या जागा. व्हर्नाडीन त्याच्या मागोमाग आली आणि जरा अंतर ठेवून उभी राहिली.

“हार्लन, दगडवाला मार्चपासून विचारतोय,” ती म्हणाली. “आकडे कुठल्या वळणाचे कोरू म्हणून. त्याने नमुने पाठवलेत. तीनच आहेत.”

“हो. आलेत.”

“कर्णे इतके पाहिलेस. हे तीन बघायला किती वेळ लागतो?”

हार्लनने रुमाल सोडून तिला परत दिला. तिने तो घडी करून पर्समध्ये ठेवला.

ला क्रॉसचं खोकं त्याने दुसऱ्या दिवशी परत पाठवलं. दगडवाल्याला अजून कळवलेलं नाही. लव्होनच्या नावापुढचं वर्ष कोरायचं आहे.